उलट्या पिसांच्या कोंबडीचा मुक्काम

भिवंडी कापडासाठी ओळखली जाते, कोंबड्यांसाठी नाही. ही हकीकत कोंबड्यांची आहे.

निमित्त एका फोनचं. मोहन कर्णिक आणि मी पुण्यात कॉलेजात असताना एका खोलीत राहायचो. पुढे तो आपल्या गावी, भिवंडीला, बँकेत लागला आणि मी वर्तमानपत्रात. नव्वदीच्या मध्यावरच्या एका हिवाळ्यात त्याने कचेरीत फोन केला. तालुक्यात उलट्या पिसांची एकच कोंबडी उरली आहे, तिच्या मालकिणीला महिनाअखेर राहती जागा सोडावी लागते आहे, नव्या जागेत कोंबड्या ठेवता येणार नाहीत, आणि ती कोणाकडे जाणार हे अजून ठरायचं आहे. बघायची असेल तर आताच ये, असं त्याचं म्हणणं. उलट्या पिसांची म्हणजे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मांजराच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरव. ते जसं दिसेल तशी ही. जन्मभर."

रविवारच्या पुरवणीला मजकूर हवाच होता. संपादकांनी विषय ऐकून चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि जा म्हणाले.

गुरुवार, भिवंडी

एस.टी.तून उतरल्यावर आधी आवाज लागतो. प्रत्येक गल्लीत यंत्रमाग चालू असतात आणि त्यांची खटखट भिंतींतून, जमिनीतून, बसल्या बाकातून अंगात येते. त्यामुळे इथली माणसं शांत खोलीतही थोडी मोठ्याने बोलतात. मग दिसतं सूत. गटाराच्या कडेला, विजेच्या तारांवर, शेवग्याच्या फांद्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्यावर. पुण्यात धूळ असते तसं भिवंडीत सूत असतं. संध्याकाळपर्यंत माझ्या शर्टाच्या बटणांनाही ते गुंडाळलेलं होतं.

कर्णिकांचं घर जुन्या आळीत आहे. बैठं, मागे अंगण, अंगणात शेवगा आणि त्याखाली खुराडं. मोहनची पत्नी शैलावहिनी शाळेत शिकवतात. कोंबड्या त्यांनी मागितलेल्या नाहीत, पण त्या आल्यावर एक नियम केला आहे : ज्याला नाव आहे ते या घरात शिजणार नाही. याचा परिणाम असा झाला, की मोहन नवी कोंबडी घेऊन आला की चपला काढायच्या आधी उंबऱ्यातच तिचं नाव जाहीर करतो. अंडी घरची आणि रश्शाची कोंबडी बाजारातली, अशी या घराची व्यवस्था आहे.

खुराड्यातला पाहण्यासारखा पक्षी म्हणजे नाना. हा कोंबडा मोहनने मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून आणला. रंग राखाडी-पांढरा, अंगाने आडवा, आणि पायांवर थेट नखांपर्यंत पिसं. ओल्या जमिनीवरून जाताना तो पाय असे उचलतो, की चिखलातून धोतराचा सोगा सावरत निघालेला एखादा गृहस्थ आठवावा. नाव त्यावरून पडलं. सरळसाध्या कोंबड्या त्याच्यापुढे कामाच्या बायकांसारख्या लगबगीने इकडून तिकडे जातात आणि नाना मध्ये उभा असतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा मात्र नाना आडवा पडलेला होता. कुठून तरी उडत आलेलं सूत त्याच्या पायांच्या पिसांत शिरलं होतं, तिथून बोटांभोवती आवळलं होतं, आणि त्याचं दुसरं टोक मोहनच्या स्कूटरच्या स्टँडला अडकलं होतं. म्हणजे नाना स्कूटरला बांधला गेला होता. वहिनींनी नखं कापायची कात्री आणली. मला कोंबडा धरायला सांगण्यात आलं. कोंबडा धरताना दोन्ही पंख दाबून धरायचे असतात. एकच धरला तर दुसरा तोंडावर येतो. हे मला नंतर सांगण्यात आलं.

या गावात कोंबडी पाळणाऱ्याला हे काम चुकत नाही. सूत वेळेवर काढलं नाही तर ते बोटात रुततं आणि बोट वाळून गळून पडतं. चालताना एका बाजूला कलणाऱ्या कोंबड्या मी पुढच्या दोन दिवसांत बऱ्याच पाहिल्या.

रात्री जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोडे-बटाट्याचा रस्सा होता. बिरड्याचे वाल वहिनींनी सोलून ठेवले होते, एकही फुटलेला नव्हता. जेवताना विषय अर्थातच त्या कोंबडीचा निघाला. मोहनला ती हवी होती. त्याने खुराड्यात तिच्यासाठी वेगळा कप्पाही करून ठेवला होता. तिच्या मालकीण सुमनताई त्याच्या ओळखीच्या. बँकेत येतात, कोंबड्यांवर बोलतात. त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. वहिनींचं मत वेगळं होतं.

"एका धोतरवाल्याला रोज सोडवायचं म्हणजे माझी शाळा बुडते," त्या म्हणाल्या. "हिचं तर सगळं अंगच वळलेलं. प्रत्येक पीस म्हणजे एक आकडा. त्यात सूत अडकलं तर तुम्ही बँक सोडून देणार का?"

मोहनने भाकरी मोडली आणि बिरड्यात बुडवली.

शुक्रवार, माग बंद

शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात. सकाळी आवाजानेच जाग येते म्हणतात ना, इथे त्या दिवशी तो नसल्याने जाग आली. पुण्याच्या माणसाला ही शांतता साधी वाटेल. इथे लोक ती वापरतात. ज्याच्याकडे कोंबड्या आहेत तो शुक्रवारी सकाळी पाटावर बसतो, एकेक कोंबडी मांडीवर घेतो आणि तिच्या पायातलं सूत सोडवतो. खुडूक कोंबडीखाली अंडी मांडायची तीही याच दिवशी. मागाच्या हादऱ्याने अंड्यातला जीव हलतो, निदान पहिला दिवस तरी त्याला शांत मिळावा, असा समज आहे. खरं-खोटं मला माहीत नाही. घरटं मात्र गवताचं नसतं. मागाखाली पडलेल्या कापसाच्या गुंतावळ्याचं असतं. ज्या सुताने पाय तुटतात त्याच्यावरच पिल्लं निघतात.

मोहन मला रज्जाकभाईंकडे घेऊन गेला. ते उत्तर प्रदेशातल्या मऊचे. माग बिघडला की दुरुस्त करणाऱ्याला इथे जॉबर म्हणतात. रज्जाकभाई जॉबर आहेत. त्यांनी आधी निहारी आणि खमिरी रोटी पुढे ठेवली आणि पोट भरल्याशिवाय पक्षी दाखवायला नकार दिला.

पक्षी असील जातीचा. असील म्हणजे अस्सल. मी कोंबडा बघायला गेलो होतो, समोर जवळजवळ उभा माणूस आला. मान सरळ, पाय लांब आणि एकमेकांपासून दूर, छातीवरची पिसं इतकी तोकडी की खालचं लाल कातडं दिसतं. तुरा म्हणाल तर डोक्यावर वाटाण्याएवढी गाठ. डोळा फिकट, जवळपास मोत्याच्या रंगाचा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं पाहून झाल्यावर मान वळवली. अशा कोंबड्यांच्या झुंजी लावतात. रज्जाकभाई लावत नाहीत. ते रोज कोमट फडक्याने त्याचं अंग शेकतात आणि भिजवलेला बदाम चारतात. तो झुंजत नाही, तर मग त्याचा उपयोग काय, असं मोहनने त्यांना एकदा विचारलं होतं. तुमच्या नानाचा काय आहे, असं उत्तर आलं होतं.

मी नाव विचारलं.

"मुर्गा," ते म्हणाले.

नाव म्हणजे, हाक कशी मारता, असं मी पुन्हा विचारलं.

"मुर्गा ही बोलता हूँ. नाम रखो तो बिगड़ जाता है." मग मोहनकडे बघून, "इनके यहाँ देखो, सब के सब बिगड़े हुए हैं."

परत निघताना त्यांनी मोहनला बाजूला घेतलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं. सुमनबाईंची कोंबडी इथे आणू नका. तिला माती पाहिजे आणि इथे सगळा धागाच धागा. त्यांनी कोऱ्या कापडाची एक पुरचुंडी दिली. हे बाईंना द्या, कोटाला लागेल, म्हणाले. कोणाच्या कोटाला, ते मोहनने सांगितलं नाही. उद्या बघ, म्हणाला.

शनिवार, कोन

कोन हे गाव कल्याण-भिवंडी रस्त्यावर आहे. स्कूटरने निघालो. वाटेत रस्त्याचं खोदकाम चाललं होतं. मजूर झाबुआकडचे होते आणि त्यांच्या झोपड्यांसमोर एक काळी कोंबडी फिरत होती. काळ्या कोंबड्या सगळीकडे असतात. हिचा तुराही काळा होता, चोचीखाली लोंबणारे गलोल काळे, पाय काळे. आम्ही थांबलो तशी एका बाईने हसत हसत तिला धरलं आणि चोच उघडून दाखवली. जीभसुद्धा काळी. आत हाडापर्यंत असंच असतं, असं तिने खुणेने सांगितलं. हा कडकनाथ. गावाकडून येताना संसारात तो आणायचाच असतो. मोहनने कोंबडीचं नाव विचारलं नाही. बहुधा रज्जाकभाईंचं बोलणं लागलं असावं.

सुमनताई गायकवाड एका दवाखान्यात नर्स आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, मुलगा बडोद्याला नोकरीला. एका ओळीत सहा-सात खोल्या, त्यातली शेवटची त्यांची. मागच्या मोकळ्या जागेवर शेडसाठी खांब उभे राहिले होते. ओळही लवकरच पाडायची होती. दवाखान्याजवळच्या इमारतीत त्यांना दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक मिळाला होता. खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, धुतलेला गणवेश दोरीवर. आणि दारात ती.

आता वर्णन. कोंबडी मध्यम आकाराची, रंग गंजलेल्या लोखंडाचा. अंगावरचं प्रत्येक पीस मुळापासून वर उठून डोक्याच्या दिशेने वळलेलं. गंजिफ्राक उलटा घातल्यावर शिवण बाहेर दिसते, तसं तिच्या पिसांचं आतलं अंग बाहेर दिसतं. सतत पाठीमागून वारा सुटला आहे आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असा एकंदर आविर्भाव. तिला उडता येत नाही. पाऊस पिसांवरून ओघळायच्या ऐवजी आत शिरतो. थंडी बाधते. फायदा विचाराल तर कोकणातल्या उन्हाळ्यात इतर कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात तेव्हा ही व्यवस्थित हिंडते.

तिच्यामागे एक जाकीट आलं. कोऱ्या कापडाचं, बटणं लावलेलं, आणि त्यातून एक लाल मान आणि दोन पाय बाहेर. हीच ती कोटवाली. अंगावर पिसं जवळजवळ नव्हतीच.

सुमनताईंनी कारण सांगितलं. उलट्या कोंबडीला सरळ कोंबडा लागला तर अर्धी पिल्लं उलटी निघतात, अर्धी सरळ. एका वर्षी त्यांनी या कोंबडीला तिचाच उलटा मुलगा ठेवला.

"मला वाटलं, दोन्ही बाजूंनी उलटं असलं की बी पक्कं होईल. झालं काय, पिसांनी यायलाच नकार दिला. हाव केली नि मशीन घेऊन बसले." मशीन म्हणजे शिवणयंत्र. कोट दर थंडीला नवा लागतो. रज्जाकभाईंची पुरचुंडी त्यांनी उघडली, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि पसंत केलं.

पुढ्यात तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदा आला. खाताना त्यांनी कोंबडीची पूर्वपीठिका सांगितली. त्यांचं सासर वडप्याच्या पुढचं एक गाव. त्याचं नाव इथे देत नाही. तिथे वेशीवरच्या देवाला दरवर्षी उलट्या पिसांची कोंबडी लागायची, आणि ती द्यायचं काम या घराकडे होतं. वर्षभर सांभाळायची यांनी. नेऊन पोहोचवायची यांनी. पण हातातून कोणी घ्यायचं नाही. पाय बांधून वेशीपाशी जमिनीवर ठेवायची, मागे सरकायचं, मग गावचा माणूस ती उचलणार. धर्मांतर झालं आणि देणं थांबलं. सासऱ्यांचं म्हणणं होतं, आता ही कोंबडी घरात नको. सासूने ऐकलं नाही.

"ती म्हणायची, देणं त्यांचं होतं, ते संपलं. कोंबडी आपली हाय, ती कशापायी टाकायची?"

तेव्हापासून हे वाण फक्त पाळण्यासाठी पाळलं गेलं. सासूनंतर सुमनताईंनी ते कोनला आणलं.

हे सांगून होतं न होतं तोच दारात मोटारसायकल थांबली. आलेला माणूस चाळिशीचा, पांढरा शर्ट, हातात घड्याळ. त्याच गावचे दत्ता पाटील. सुमनताई चहा टाकते म्हणाल्या. आत्ताच झाला, असं म्हणून ते पायरीखालीच उभे राहिले. गावाकडची विचारपूस झाली. मग त्यांनी काम काढलं. वडप्याकडे गोदामं उठत आहेत, त्यांच्याही जमिनीवर एक येतं आहे, ट्रेलर वळायला रस्ता रुंद करायचा आहे आणि वेशीचा दगड त्यात येतो. तो उद्या हलवायचा. म्हातारी माणसं ऐकत नाहीत. इतकी वर्षं साध्या कोंबडीवर भागवलं, आता देव जागचा हलतोय तर त्याचा खरा मान पाहिजे म्हणतात.

"तालुक्यान तुझ्याकडंच हाय, ताई," पाटील म्हणाले. "तू बोलशील तं दुसऱ्या दहा आणून देतू."

"दत्ता, दहा सरळ आणून एक उलटी होते का?"

 तेवढ्यात कोंबडी खोलीच्या बाजूने आली आणि तिच्यामागून पिल्लं आली, आठवड्याची असतील. पंखांना नुकतं पीस फुटत होतं आणि त्यातल्या दोघांचं टोकाला वळलेलं होतं. पाटलांनी ती पाहिली. पिल्लांवरची कोंबडी कापत नाहीत, हे त्या भागात सगळे पाळतात.  मग त्यांची नजर कोटवालीवर गेली. ही कोणाची, असं त्यांनी विचारलं. हिचीच लेक, असं कळल्यावर त्यांनी वाकून कोटाच्या आत पाहिलं.

"हिला पखंच न्हाईत. तं उलटी कशावरनं?"

"भगताला विचार," सुमनताई म्हणाल्या. "त्याला दिसतील."

पाटील हसले, पण काम झालं नव्हतं. उद्या सकाळपर्यंत बघ, म्हणाले आणि गेले. सुमनताई बराच वेळ मागच्या खांबांकडे बघत होत्या. कोंबडी मला देता का, असं त्यांना विचारावं हे मोहनच्या मनात होतं, ते दिसत होतं. विचारलं नाही. घरी आल्यावर वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि पाटलांना एक साधी कोंबडी आणि इस्त्री पाठवा म्हणाल्या, फक्त इस्त्री शेपटीकडून फिरवायची.

रविवार, वेस

सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर सुमनताईंचा निरोप आला. टोपली घेऊन या.

मोहनने टोपली दोनदा झटकली. तळाशी गुंतावळा न घालता मुद्दाम गवत घातलं. वहिनींनी झाकायला जुनी ओढणी काढून दिली. कोनच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना मान मागे वळवून त्याने मला सांगितलं, नाव ठरलं आहे. सरला.

खोलीसमोर पाटलांची मोटारसायकल उभी होती आणि पाटील पायरीखाली. मोहनने गाडी बंद केली तरी हँडल सोडलं नाही. सुमनताईंनी दोघांना एकाच वेळी बोलावलं होतं. मोहनशी त्या आधी बोलल्या. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याकडे सूत आहे. माझ्याकडे आता जमीन नाही. गावाकडे माती आहे. मग पाटलांकडे वळून म्हणाल्या, कोंबडी देते. पिल्लांसकट. पण कापायची नाही, सोडायची.

देवाच्या नावाने जनावर सोडायची रीत त्या भागात आहे. सोडलेल्याला कोणी मारत नाही. पाटलांना ती माहीत होती, तरी त्यांनी म्हाताऱ्यांचा विषय काढला. ते ऐकतील का, म्हणाले.

"त्यांना उलट्या पिसांची पाहिजे, तं ही उलट्या पिसांची हाय. मेल्यावर पीस कुठल्या बाजूला वळलं ते कोण बघतो? आणि अजून एक. मी जमिनीवर ठेवणार न्हाय. वेशीवर, सगळ्यांसमोर, माझ्या हातातून घ्यायची."

पाटील खाली बघत होते.

"आधी चहा घे," सुमनताई म्हणाल्या. "म्हणजे तुला विचार करायला वेळ मिळेल."

ते पायरी चढून खुर्चीवर बसले. चहा गरम होता. त्यांनी तो बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश प्यायला. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चल, ताई. बस गाडीवर."

टोपली मी स्कूटरवर मांडीत धरली. आत कोंबडी होती, तिच्या पोटाखाली पिल्लं. मोहन वडप्यापर्यंत खड्डे चुकवत गेला.

हमरस्त्यावर ट्रक, त्याच्या एका बाजूला पत्र्याची नवी गोदामं, दुसरीकडे कापणी झालेली भातखाचरं. वेस म्हणजे एका उंबराखाली शेंदूर लावलेला गुडघाभर दगड. त्याच्याभोवती खणून ठेवलं होतं. पाच-सहा म्हातारे, भगत, काही बायका. सुमनताई मोटारसायकलवरून उतरल्या, टोपलीतून कोंबडी काढली आणि दगडाकडे चालू लागल्या. दगडाच्या अलीकडे एक सपाट फरशी होती. तिथे त्या थांबल्या. कोणी सांगितलं नाही, पण ती फरशी कशाची ते कळत होतं.

एक म्हातारा सवयीने म्हणाला, "ठेव तिथं."

त्यांनी ठेवली नाही. कोंबडी दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. दुसरं काही केलं नाही. ट्रक जात होते. कोंबडी मान वळवून एकेका माणसाकडे बघत होती. म्हाताऱ्याने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा दत्ता पाटील पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केले.

कोंबडी या हातांतून त्या हातांत गेली. मात्र पाटलांनी एकच पंख दाबून धरला. दुसरा त्यांच्या तोंडावर बसला, घड्याळ निसटलं आणि पांढऱ्या शर्टावर कोंबडीने करायचं ते केलं. सगळ्यात आधी हसला तो मघाचा म्हातारा. मग बायका. सुमनताईंनी दुसरा पंख कसा धरायचा ते दाखवलं. त्यासाठी त्यांना पाटलांचा हात धरून जागेवर ठेवावा लागला.

भगताने जे म्हणायचं ते म्हटलं आणि कोंबडी सोडली. मोहनने टोपली कलती करून पिल्लं बाहेर काढली. कोंबडीने देवाकडे पाहिलं नाही. दगड हलवायला काढलेल्या ताज्या मातीच्या ढिगावर चढून तिने दोन पाय मारले, खाली वाळवी लागली, आणि तिने पिल्लांना हाक दिली.

परतताना कोनला थांबलो. कोटवाली सुमनताईंनी मोहनला दिली. रस्त्यावर सोडली तर ती थंडीने जाईल, आणि तुमच्या अंगणात तिला भीती नाही, असं त्यांचं म्हणणं. पायातलं तुम्ही सोडवालच, अंगाला सूत अडकायला पीस तरी पाहिजे. दर थंडीला कोट त्या शिवून पाठवणार होत्या. मोहन घरी पोहोचला, उंबऱ्यात उभा राहिला आणि चपला पायात असतानाच म्हणाला, "सरला."

वहिनींनी कोटाची बटणं तपासली. एक सैल होतं. त्या सुईदोरा आणायला आत गेल्या.

नंतर

मजकूर पुरवणीत आला. जागेअभावी असील आणि कडकनाथ त्यातून गेले. नाना राहिला, कारण छायाचित्र चांगलं आलं होतं.

पुढच्या वर्षी नाशिकला जाताना गाडी वडप्याच्या पुढे चहाला थांबली. समोरचं गोदाम उभं राहिलं होतं. उंबर तसाच होता, दगड रस्त्याच्या पलीकडे सरकला होता. मालट्रकांच्या रांगेत एक ड्रायव्हर खाली उतरून चाकाखाली वाकून हातवारे करत होता. चाकाखालून सात-आठ कोंबड्या निघाल्या. काही सरळ, काही उलट्या. शेवटची गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची. ती बाहेर पडेपर्यंत त्याने गाडी सुरू केली नाही.

गोदामाचा पहारेकरी बिहारकडचा होता. या कोंबड्या देवाच्या का, असं मी त्याला विचारलं. कुठल्या देवाच्या ते त्याला ठाऊक नव्हतं. रस्त्यापलीकडचा शेंदूर लावलेला दगड कसला, तेही त्याने कधी विचारलं नव्हतं.

"सुमनबाई की मुर्गी है," तो म्हणाला. "काटना मना है."

सुमनबाई कोण, असं विचारल्यावर त्याने खांदे उडवले. त्याने त्यांना पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात एक भरलेला ट्रेलर जोरात गेला. त्याच्या वाऱ्याने रस्त्याकडेच्या सगळ्या सरळ कोंबड्यांची पिसं उलटी उभी राहिली आणि त्या पंख आवळून खाली बसल्या. ती गंजलेल्या रंगाची म्हातारी कोंबडी दाणे टिपत होती. तिच्यात काही फरक पडला नाही.